सरकारी चुलीतली कोंबडी

कल्याणला एसटीच्या रांगेत सबनीस उभे होते. सरकारी योजनांचा गावांना फायदा झाला का, ते तपासायला निघालेले. पुढे आवडाबाई आणि तुळसा, आपल्याच तालात.

"सायेब आज चूल बघाला येनार, नि तुजे बिनधुराचे चुलीत कोंबरी बसलीय गो तुळसे!"

"अंड्यांवर बसलीय. उठवू कशी?"

"सरकारनं फुकट दिली, ती पेटवाची सोरून..."

"पेटवलेली की! धूर सगला नळीतना बाहेर गेला नि वर टांगलेल्या बोंबलांना कीड लागली. दिल्लीवाले बोंबील टांगतान काय घरात?"

"पन चूल बंद दिसली तं गावाला मंजूर झालेली सरकारी विहीर गेली. ग्रामसेवक बोललाय तसा."

"म्हनून दिराला छपरावर चढवलाय. सायेब दिसला का नळीमागं बसून विडी ओढाची. धूर निघाला म्हंजे चूल चालली."

"नि सायेब आत आला तं?"

"कोंबरी चावते, सांगन."

सबनीसांना राहवेना.

"बाई, विडीनं भागायचं नाही. दिराला चिलीम ओढायला सांगा."

"तुमी कोन?"

"तुमची चूल बघायला येणारा साहेब. मागच्या गावात विडीच होती. फोटोत धूर फार बारीक दिसला म्हणून वरून मला बोलणी बसली."