बेचक्यांतल्या चिखल्या

बोईसरच्या दवाखान्यात हिरा नंबर यायची वाट पाहत होती. तारापूरच्या बांधकामावरचा बुधा डॉक्टरांकडून बाहेर आला आणि तिच्या शेजारी, तान्ही पोर घेऊन बसलेल्या आपल्या बायकोजवळ टेकला.

"काय म्हनला डाक्टर?"

"चिखल्या हायत. गमबुटात दिवसभर पाय भिजतात, म्हनून बेचक्या कुजल्या."

"महारोग नाय ना?"

"नाय."

"उगाच ओट्यावर निजलास पावसाळाभर. औषध?"

"मलम दिलाय. पाय धुवून बेचक्या कोरड्या पुसायच्या, मग लावायचा. माजा पंचा कोनी घ्यायचा नाय."

"आनि पोरीला घेतलंस तर?"

"पयलं तेच इचारलं. खुशाल घे म्हनला."

"घे मग. रडंल, इसरली असंल तुला."

"रडू दे."

हिराने सरकून त्याला जागा करून दिली.