अर्धं उघडलेलं शटर

बेकरीवाला : शटर नका हलवू, सिस्टर. मी हलवून बघितलंय. आतून कोणी 'या, बसा' म्हणत नाही.

सिस्टर : पण असं कसं बंद करतात? परवाच मेसेज आला मला, आपल्या गाडीची सर्व्हिस जवळ आली आहे म्हणून!

बेकरीवाला : मेसेज मशीन पाठवतं. मशीनला सांगायचं राहिलं असेल. तो कागद वाचा, शेजारच्या काचेवर लावलाय.

सिस्टर : चष्मा गाडीत राहिला. काय लिहिलंय?

बेकरीवाला : गोड गोड लिहिलंय. कंपनीने लहान गावांतल्या सगळ्या शोरूम बंद केल्या. नदीपलीकडची गेली, स्टेशनजवळची गेली, आता आपली. यापुढे गाडी मोठ्या शहरात न्यायची, नाहीतर अॅपवर तक्रार टाकायची. अॅप काय, येऊन बॉनेट उघडणार आहे?

सिस्टर : हेल्पलाइनला फोन लावला मी. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणतात आणि गाणं लावून पळून जातात.

बेकरीवाला : आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सकाळपासून नुसती आग लागलीय. एक म्हणतो मोर्चा काढू. दुसरा म्हणतो, मोर्च्याला जायला गाडी चालू हवी ना! तिसऱ्याने तर शोरूमचा फोटो टाकून खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलंय.

सिस्टर : तुम्हाला विनोद सुचतायत, काका.

बेकरीवाला : माझी गाडी आत आहे, सिस्टर. ते काचेतून दिसतंय ना, पांढरं, कोपऱ्यात? तीच. गिअरबॉक्स काढून टेबलावर ठेवलाय. आता रडत बसलो तर घरी बायकोला कोणी समजवायचं? ती कालच म्हणाली, बेकरी बंद करा, हातगाडीवर पाव विकायचं वय नाही तुमचं.

सिस्टर : माझी चालतेय, पण कशी? इंजिन थरथरतं, दिवा लागलाय, चढ दिसला की धापा टाकते. आणि मला खाणीच्या वर जायचंय. आत्ता.

बेकरीवाला : तिथे कोण आहे?

सिस्टर : पेशंट. म्हातारबाबा आहेत, अंथरुणाला खिळलेले. लघवीची नळी तुंबलीय. सून फोनवर रडतेय, पोट दगडासारखं झालंय म्हणते. नळी बदलली की काही नाही, पण नाही बदलली तर... अॅम्ब्युलन्स शहरातून निघून वर पोचायला दुपार उलटेल.

बेकरीवाला : आणि भाड्याची गाडी?

सिस्टर : स्टँडवर विचारलं. त्या चढाचं नाव काढलं की सगळे फोनमध्ये बघायला लागतात.

बेकरीवाला : थांबा, थांबा. त्या बघा कोण येतायत. काउंटरवाल्या ताई! अहो ताई, इकडे!

काउंटरवाली : नमस्कार. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे. कृपया आपली तक्रार अॅपवर...

सिस्टर : कंपनीचं राहू द्या. तुम्ही सांगा! दर वेळी हसून चहा देता, 'पुन्हा या' म्हणता. एक फोन करता आला नाही तुम्हाला?

काउंटरवाली : मॅडम, मला...

सिस्टर : माझ्यासारख्या किती बायका या गाडीच्या भरवशावर नोकरी करतात, माहीत आहे? एका कागदावर उडवून लावलंत सगळ्यांना!

काउंटरवाली : मलाही कालच कळलं, सिस्टर. मीटिंग आहे म्हणून बोलावलं. व्हिडिओ कॉलवर एक माणूस आला, माझं नाव चुकीचं घेतलं, आभार मानले आणि गेला. आम्ही सगळे त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलो. आपले मेकॅनिक उस्ताद सगळ्यात आधी उठले. स्वतःची पेटी उचलली आणि म्हणाले, चला, आवरा.

सिस्टर : ... मला माहीत नव्हतं हे.

काउंटरवाली : मी आज फक्त किल्ली द्यायला आलेय, जागेच्या मालकांना. नवऱ्याने कोपऱ्यावर सोडलं. तो म्हणाला, आत जाऊ नकोस, उगाच रडशील.

बेकरीवाला : ताई, किल्ली आहे म्हणजे शटर उघडेल.

काउंटरवाली : नाही, काका. कोणालाही आत घ्यायचं नाही, सक्त सांगितलंय. माझा अनुभवाचा दाखला अजून कंपनीकडेच आहे. तो अडकवला तर मला दुसरीकडे कोण उभं करेल?

बेकरीवाला : मी चोरी करा म्हणत नाही. माझी गाडी आहे आत. मला ती बघायची आहे.

सिस्टर : ताई, हे ऐका जरा. स्पीकरवर लावते. ... हॅलो, मी सिस्टर बोलतेय. बाबा कसे आहेत? ... घाम येतोय? ... बोलतायत ना? ... बरं. त्यांना जरा उठवून बसवा, पाठीला उशा लावा. आता पाणी पाजू नका. निघतेच आहे मी. हो गं, येते. रडू नकोस.

काउंटरवाली : तो मागून आवाज येत होता तो त्यांचाच का? कण्हण्याचा?

सिस्टर : हो.

काउंटरवाली : ... तुमची गाडी नक्की काय करतेय?

सिस्टर : थरथरते. सिग्नलला उभी राहिली की अंगात थंडी भरल्यासारखी.

काउंटरवाली : मिसिंग मारतेय, म्हणजे एक सिलिंडर पेटत नाही. बहुतेक त्याला ठिणगी देणारी कॉइल गेली. काउंटरवर बसून रोज हेच ऐकलंय मी, पण हात कधी लावला नाही. आणि स्पेअरचा सगळा माल काल ट्रक घेऊन गेला, आत खिळा नाही शिल्लक.

बेकरीवाला : आहे शिल्लक.

काउंटरवाली : नाही हो, मी स्वतः...

बेकरीवाला : माझ्या गाडीत आहे. मॉडेल एकच ना? माझा गिअरबॉक्स गेलाय, इंजिन तर ठणठणीत आहे. काढा त्यातली.

सिस्टर : काका, आणि तुमची गाडी?

बेकरीवाला : ती कुठे निघालीय? तिला शहरात ओढून न्यायची, तिकडे तो टेबलावरचा सांगाडा कोण जोडणार? उस्ताद गेले. हो म्हणा लवकर, माझं मन बदलायच्या आत.

(काउंटरवाली किल्ली काढते. शटर अर्धं वर जातं. तिघं वाकून आत शिरतात.)

काउंटरवाली : दिवे लावत नाही. बाहेरून दिसेल. सिस्टर, तुमची गाडी अगदी दाराशी आणा, बॉनेट उघडा. मी उस्तादांना फोन लावते. ... हॅलो, उस्ताद? मी बोलतेय. ... नाही, नाही, रडत नाहीये. एक काम आहे. कॉइल बदलायची आहे. ... मीच. ... हसू नका ना! ... हो. हो. इंजिन चालू ठेवून एकेका कॉइलची पिन काढायची... जिची काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तीच गेलेली. मग इंजिन बंद. ... दहाचा पाना. काका, दहाचा पाना बघा, तिथे कुठे राहिलाय का?

बेकरीवाला : इथे सगळं झाडून नेलंय. थांबा, माझ्या डिकीत आहे. ... हा घ्या.

काउंटरवाली : सिस्टर, पहिली काढली. ऐका.

सिस्टर : लगेच लंगडली.

काउंटरवाली : म्हणजे ही चांगली. लावते परत. दुसरी?

सिस्टर : ही पण लंगडली.

काउंटरवाली : तिसरी.

सिस्टर : ... काही नाही. होती तशीच.

काउंटरवाली : सापडली! उस्ताद, तिसरी! ... हो, बंद करायला सांगते. सिस्टर, बंद करा. काका, आता तुमच्या गाडीतली. तुम्ही स्वतः काढता का?

बेकरीवाला : माझे हात पिठाचे. तुम्हीच काढा. मी बॉनेट धरतो.

सिस्टर : काका, अजून नको म्हणालात तरी चालेल.

बेकरीवाला : छे, काढू दे त्यांना. ... खरं सांगू? ही गाडी आली तेव्हा बायको पुढे बसायला तयार नव्हती. म्हणाली, माझ्या पदराचं पीठ लागेल सीटला. मागे पावाच्या पाटीजवळ बसून आली घरापर्यंत, नवरीसारखी. असो. निघाली का?

काउंटरवाली : निघाली. बघा, नवी असल्यासारखी आहे.

बेकरीवाला : मी नीट ठेवायचो.

काउंटरवाली : दिसतंय, काका. ... आता ही इथे. दाबून. आवाज आला 'टक'? हा, आला. बोल्ट. जास्त आवळायचा नाही, हो, ऐकतेय उस्ताद. सिस्टर, लावा चालू.

सिस्टर : ... अगंबाई!

बेकरीवाला : काय झालं?

सिस्टर : थरथर गेली. पार गेली!

काउंटरवाली : चालली, उस्ताद! ऐकू येतंय का? ... नाही, आता मात्र रडतेय.

सिस्टर : मी काय बोलू? काका, उद्या ही कॉइल परत...

बेकरीवाला : उद्याचं उद्या. आधी वर जा. तिसऱ्या वळणावर दगड पडलेत, डावीकडून घ्या. आणि त्या म्हाताऱ्याला मोकळं वाटलं की एक फोन करा, मला झोप यायची नाही.

सिस्टर : दोघांनाही करते. ताई, मघाशी मी फार बोलले तुम्हाला.

काउंटरवाली : कालपासून सगळे अॅपवरच बोलतायत. तोंडावर कोणीतरी भांडलं, बरं वाटलं. जा तुम्ही.

बेकरीवाला : ... गेली. चढाला आवाज कसा बघा, एकसारखा. चला ताई, शटर ओढू. माझी गाडी आतच राहू दे, मालकांना मी सांगतो.

काउंटरवाली : काका, दाखला नाहीच दिला तर?

बेकरीवाला : तर माझ्या बेकरीच्या काउंटरवर उभ्या राहा. तिथे तक्रारी कमी येतात. पाव करपला एवढीच.

काउंटरवाली : हसवू नका हो. ... तो फोन वाजतोय का? आतला?

बेकरीवाला : वाजू द्या. तुमची नोकरी कालच संपली.

काउंटरवाली : हो, पण वाजतोय ना. एक मिनिट. ... नमस्कार. ... हो, तीच शोरूम. ... हो, तुम्ही ऐकलं ते खरं आहे. ... नाही, नाही, ठेवू नका. मी आहे अजून. सावकाश सांगा, कसला आवाज येतोय गाडीतून?