बिनबकलाचा पट्टा

– नाही, नाही, बघा ना, हवं तेवढं बघा, पण ती सॅक अशी उलटी कशाला करताय? गिऱ्हाईक आधी सॅक पाठीला लावतं, मग आरशात बघतं, मग किंमत विचारून तोंड वाकडं करतं – ही रीत. तुम्ही आल्या आल्या आतल्या शिवणी चाचपायला लागलात. आणि मघाशी त्या स्टुलावर बसताना काय केलंत? माझी उघडी पडलेली कात्री मिटवून बाजूला ठेवलीत. ही सवय शिवणाऱ्या घरातल्या माणसालाच असते, बाई. मी काही दुधखुळी नाही. – बरं, असेल, डोंगर चढता म्हणता. बुटांना माती तर कुठे दिसत नाही. असो, मला काय त्याचं.

लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. हे कापड – धरा, धरा – फुंकर मारली तर उडेल, आणि भरा यात चार दिवसांचा पसारा, हूं का चूं करणार नाही. खिसे नाहीत, चेन नाही, अस्तर नाही. अहो, मी टूथब्रशचा दांडा कापून डोंगरात जाणारी बाई, सॅकला नावाचं लेबलसुद्धा लावत नाही – तेवढंच वजन कमी. लोक म्हणतात, हिला वेड लागलंय. लागलंय तर लागलंय! दिवसभर चालून आलेलं माणूस गप्पा मारत उभं राहतं आणि सॅक उतरवायलाच विसरतं ना, ते बघितलं की मला भरून येतं, खरं सांगते. – पट्टा? पट्ट्याचं काय विचारताय? आलात ना शेवटी पट्ट्यावर! वाटलंच मला. कोणी पाठवलंय तुम्हाला? त्यानेच ना? खाली काय बघताय? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

तो म्हणजे कोण, असं विचारताय? माझा धाकटा भाऊ, पुलापलीकडचा कारखानेवाला, सगळ्या गावाला माहीत आहे. याच खोलीत, याच टेबलावर दोघांनी सुरुवात केली – मी कापायचं, त्याने शिवायचं. आणि बिनसलं कशावरून? बकलावरून! हसू नका. मी म्हटलं, बक्कल म्हणजे वजन, काढून टाक, पट्टा एकाच मापाचा पक्का शिवायचा. तो म्हणाला, ताई, सगळ्यांचे खांदे सारखे नसतात. मी म्हटलं, मला शिकवतोस? – झालं. शब्दाने शब्द वाढला, गेला आपलं मशीन उचलून. तेव्हा त्याची मुलगी पाळण्यात होती. आता विकतो बकलांच्या सॅका, धोंड्यासारख्या जड. मला कसं ठाऊक? आणली एक, उसवून बघितली. दोन आणल्या. बरं, तीन – कपाटात आहेत, तिकडे नका बघू. शिवण मात्र सुरेख आहे हो त्याची, अजून तशीच. पण आता माझा बिनबकलाचा पट्टा हवाय होय त्याला?

मिळायचा नाही. साचा मी कुलपात ठेवते. आणि चोरून नेलात तरी उपयोग नाही, सांगून ठेवते, कारण तो साचा त्याच्याच पाठीवर बेतलाय. हो, त्याच्याच! पहिली सॅक त्याच्यासाठी केली होती. त्याचा डावा खांदा जन्मापासून उतरता, आमच्या बाबांचा होता तसाच, म्हणून डावा पट्टा बोटभर आखूड. पुढे सगळ्याच सॅका त्याच साच्यावर निघाल्या – काय करायचं, हात तसाच पडतो. दुसरा साचा कापायला घेतला होता एकदा, नाही कापवला. गिऱ्हाइकं कुरकुरतात, सॅक तिरकी बसते म्हणून. मी सांगते, तुमचीच पाठ वाकडी आहे. – पण हे तुम्हाला कशाला सांगतेय मी? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही बघा. घ्यायची असेल तर लावा पाठीला, नाहीतर ठेवा खाली. तिथे, आरशापुढे. तिरकीच बसणार आहे, आधीच सांगते –

थांबा. हलू नका.

सरळ बसली. इतकी सरळ कुणालाच बसली नव्हती. मागे वळा बघू, हात सोडा खाली. हा डावा खांदा – अगं, हा खांदा कुठून आणलास तू? – काय म्हणालीस? पुन्हा म्हण. आत्या?

तरीच कात्री मिटलीस. रडू नकोस आता, मी काही रडत नाहीये. काय झालंय त्याला? – पाठीचं ऑपरेशन? कधी? आणि मला कुणी – हो, कोण सांगणार, मीच दार लावून बसलेली. डॉक्टर म्हणतात ओझं उचलायचं नाही, आणि याला डोंगर काही सुटत नाही. स्वतःच्याच सॅका जड झाल्या होय? आणि तुला पाठवलं शिवणी बघून यायला? – नाही? त्याला माहीतच नाही? तुझी तू आलीस? मी मघापासून काय वाट्टेल ते बोलले गं तुला.

हे बघ, ती उतरव. ती नाही द्यायची मी. त्याच्यासाठी नवी शिवावी लागेल, आणि माझ्याकडे त्याचं माप नाही. – हसतेस काय? नाही म्हणजे नाही! माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, सांग त्याला. स्वतः यायचं, इथे आरशापुढे उभं राहायचं. जा आता, उभी काय राहिलीस? – आणि ते दार लोटू नकोस. असू दे.