कापसातली बाळंतीण

आमच्या पांढऱ्या मनीनं जागा बरोबर हेरली हुती बघा. आमच्या शेवगावकडं वेचलेला कापूस घरातल्याच खोलीत रचून ठेवत्यात. त्या ढिगात शिरून तिनं तीन पिल्लं घातली. आई दार जरासं उघडून दूध-भाकरी आत सरकवायची, आणि आमी सगळे हळू आवाजात बोलायचो. घरालाच पेंग आल्यासारखी झाली हुती.

त्यात व्यापारी रशीदभाई कापूस न्यायला टेम्पो घेऊन आले. आई दारातच उभी राहिली.

"खोलीत बाळंतीण हाय. पंधरा दिवस कापूस हलायचा न्हाई."

"मग राहू द्या, मावशी," म्हणाले, आणि रिकामा टेम्पो घेऊन माघारी गेले.

पंधरा दिवसांनी आले ते झबलं-टोपडं घेऊनच. माझ्या हातात देत म्हणाले, "लग्नाला बोलावलं न्हाई, ते जाऊ द्या. पोरगा का पोरगी?"

माझं तर अजून लग्नच ठरंना, बायको कुठली! मी तोंड उघडायच्या आत आईनं त्यांना खोलीत नेलं. खिडकीतनं ऊन येत हुतं. सगळं पांढरंच पांढरं. कापूस कुठला नि पिल्लू कुठलं, कळंना. मग कापसाच्या एका पुंजक्यानं निळे डोळे उघडले.

रशीदभाई खाली बसले ते बसूनच राहिले. टोपडं त्यांनीच पसरलं. एक पिल्लू लटपटत आलं आणि त्यात निजलं.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. तसे रशीदभाई दाराशी जाऊन दबक्या आवाजात खेकसले, "गप रे! बाळंतीण हाय घरात. आठ दिवसांनी ये!"