तक्रारीतलं तिसरं नाव

— चिठ्ठीवरचं माप नाई चालत पोरी, तू उभी राय इथी उजेडात. हात लांब कर. हा तुझ्या बाबाचा शर्ट, मीच शिवला होता, तुझा बाबा होता तवा — कॉलर पाय ना, अजून ताठ आहे. बरं, खांदे कमी कराचे, लांबी कमी कराची, अन् बाही पूर्ण ठेवाची, असंच सांगितलं ना तुझ्या आईनं, गुणाबाईनं? बाही काऊन पूर्ण? आजकालच्या पोरी तं बाही कापूनच मागतात... मिरची? मिरची तोडाले कोन जाऊन राह्यलं? तुझी आई, या वयात, तेलंगणात? ... तू?

कवा? परवा. ठेकेदाराची गाडी येते परवा. बरं.

बस. नाई, बस थोडं, उभ्या उभ्या देतो तुले शिवून, मशीनले धागा लावू दे मले. हे पाय, सुईत धागा जाऊन नाई राह्यला, डोळे गेले माझे. तूच ओव बरं. — मिरचीत हात कोपरापर्यंत आग करतात म्हनतात, झोप नाई येत म्हनतात, म्हनून बाही पूर्ण, बराबर आहे तुझ्या आईचं. पन तू नर्सिंगले जानार होती ना? मले माहीत आहे, मले काऊन नाई माहीत राहनार, आमची शाजिया तुझ्याच बेंचवर बसत होती दहावीपर्यंत. अब्बू, रंजीताचा नंबर लागला, चंद्रपूरले एकच खोली करू, मी फार्मसी अन् ती नर्सिंग, भाडं अर्धं अर्धं — असं बोलून राह्यली होती भर जेवनात. आता एकटीच राहते खोलीत. तुझ्या फोनची वाट पाहते म्हनते. तू उचलत नाई तिचा.

तुझी आई काय म्हनते मले? शिव्या देत असन. ... नाई देत? माझं नाव घेऊन काय म्हनते मंग? ... हो. माझे बी पैसे बुडाले म्हनते. मास्तर बी आपल्यासंगच बुडाला म्हनते. दिवाळीनंतर नवे तांदूळ घेऊन आली होती पायली दोन पायली, डोक्यावर घेऊन, म्हने मास्तर, तुम्ही बी नाडले गेले, पोराबाळांचं घर आहे. मी नको म्हनलो. मंग घेतले. खीर केली तुझ्या चाचीनं, शमीमनं, त्याची, मले नाई गेली. खाई त्याले खवखवे म्हनतात, ते काई उगाच नाई म्हनत.

पाहून काऊन राह्यली अशी, म्हातारा बडबडून राह्यला म्हनशील. बडबडू दे. तो निकेश सर आठवते ना, पांढरी गाडीवाला? तो पयल्यांदा माझ्याच दुकानात आला, तुमच्या गावात मागून गेला. अकरा कोट पायजेत म्हने, निळे, एकसारखे, मोबाइलवरच्या कॉइनची स्कीम विकनाऱ्या आपल्या टीमसाठी. अहेरीत मे महिन्यात कोट! मी हसलो. पन अकरा कोटाचं काम पंधरा वर्षांत नाई आलं मले. आपलेच पोरं होते पोरी, कोनी रेतीच्या ट्रकवर होता, कोनी रोजगार सेवकाच्या मागं फिरत होता — अन् कोट घातल्याबरोबर त्याईची चाल बदलली, बोलनं बदललं, बाया त्याईले अहो-जाहो कराले लागल्या. मी तवाच समजलो. मी कापडावाला मानूस आहे, आतून अस्तर नाई अन् वरून इस्त्री कडक, हे मले हात न लावता समजते. मी विचारलं बी त्याले — सर, हे तुमचं कॉइन हाये कुठी? कोनी छापते का, कुठी ठेवते का, कोन्या कारखान्यात बनते का? तो म्हने चाचा, जगात सगळीकडं हाये. म्हनजे कुठीच नाई. समजलो मी. तिसऱ्या कोटालेच समजलो.

मंग बोललो काऊन नाई, हेच ना? विचार ना. तोंडानं विचार. ... बरं, नको विचारू.

कोटाची शिलाई त्यानं नगद नाई देली. माझ्या मोबाइलमध्ये कॉइन टाकले. म्हने सहा महिन्यात तिप्पट. आता माझी मेहनत अटकली ना त्याच्यात, म्हनून मी गप्प राह्यलो — असं मी सांगतो सगळ्याईले. आधा सच हाये. पूर्न सांगतो. त्याची सभा झाली तुमच्या समाजमंदिरात, तू चंद्रपूरले फॉर्म भराले गेली होती का तवा? तो बोलला तासभर, ब्लॉकचेन काय अन् काय काय, बाया नुसत्या पाहत राह्यल्या. एकीनं नाई विचारलं काई, एकीनं पैसा नाई काढला. उठून जाऊन राह्यल्या होत्या. मी मागं उभा होतो, कोटाचे पैसे डोक्यात. अन् मी बोललो. तो नाई, मी. मी म्हनलो, बाई हो, तेंदूपत्ता तोडता, खरेदीच्या फडीवर पुडे देता, मजुरी घेता, अन् पत्ता जाते निघून. कुठी गेला, कोनं घेतला, पाह्यला का कवा तुम्ही? तरी वर्षभरानं ग्रामसभेचा बोनस येतेच ना बँकेत? न पाहता येते, न मागता येते. हे बी तसंच. — बस. एवढंच. साऱ्या बाया खाली बसल्या. गुणाबाई पयली म्हने, असं होय का, मंग सरळ सांगा ना. निकेश सरनं माझ्याकडं असं पाह्यलं का जसं मी त्याचा बापच.

त्याच दिवशी अठरा बाया जुडल्या, माझ्या नंबरखाली. जुडवनाऱ्याले वरून मिळतात कॉइन. हो, मले मिळाले. तुझ्या आईचे अडतीस हजार होते, दोन वर्षांचा बोनस, तुझ्या फीसाठी ठेवलेला. मले माहीत होतं कशासाठी ठेवलेला हाये. तिनंच सांगितलं होतं, इथी, तू बसली ना त्याच स्टुलावर बसून.

चाय पिशील? नाई? मी बी नाई पीत मंग.

आता बाही. बाही नाई कापत मी, नुसती कफ आत घेतो, म्हनजे मिरचीची पूड आत नाई जानार. — भादव्याची गोष्ट. एका गुरवारी निकेश सर त्याचा स्वतःचा कोट घ्याले आला, बटन तुटलं होतं. बटन लावता लावता म्हने, चाचा, तुम्ही घरच्यासारखे, आजच काढून घ्या, सोमवारपासून बंद. अन् कोनाले बोलू नका, सगळे एकदम काढाले लागले तं तुमचे बी अटकतीन. मी बटन पक्कं लावलं त्याचं. तो गेल्यावर मोबाइल काढला अन् पैसे काढाले दाबलं. दोन दिवस लागतीन म्हने. दोन दिवस मी जेवलो नाई पोरी. काई चांगल्या मनानं नाई, भीतीनं.

शुक्रवारी तुझी आई आली. बाजाराची थैली हातात, घामानं ओली. म्हने मास्तर, पोरीच्या फीची तारीख आली, काढू का? मोबाइल तिचा माझ्या हातात देला तिनं, तिले कुठी समजते दाबाले, म्हने तुम्हीच काढून द्या. हातात होता माझ्या. तवा तिचे निघाले असते का? ... निघाले असते. निकेशनं सोमवार म्हनलं होतं, शुक्रवार होता. पन माझे अजून आले नव्हते. मले वाटलं, हिनं काढले तं बाकीच्या सतरा काढतीन, अन् माझे अटकतीन. मी मोबाइल परत देला तिले. म्हनलो बाई, बोनस कवा लवकर येते का? थांबा अजून पंधरा दिवस. ती हसली. म्हने हो, बोनस तं उशिराच येते. अन् गेली भाजी घ्याले.

शनिवारी माझे आले. सोमवारी बंद.

रडू नको. रडून नाई राह्यली? बरं. पाहून राह्यली नुसती. त्यापेक्षा रडलेलं बरं.

शाजियाची फी मी त्यातूनच भरली. तिले नाई माहीत, शमीमले नाई माहीत. मंग सगळे ठान्यात गेले तं मी बी गेलो. नाई गेलो असतो तं लोक म्हनले असते, हा काऊन नाई आला? तक्रारीत तिसरं नाव माझं हाये. कय्यूम शेख, टेलर. सही सरळ केली, अन् आता सुईत धागा नाई जात. चार महिने झाले, मी रोज ठरवतो, आज जातो गुणाबाईकडं, पैसे ठेवतो तिच्यापुढं. मशीन अन् शमीमच्या बांगड्या विकल्या तरी अडतीस हजार निघतीन. मंग वाटते, देल्यावर ती विचारन ना, मास्तर, हे कुठून? अन् बाकी सतरा? त्याईले काय देऊ?

तू सांगशील तिले? सांग. नाई, थांब. ऐक. परवाची गाडी जाऊ दे, तू नको जाऊ. मी करतो काईतरी, आठ दिवसात करतो, तू फक्त आईले आत्ताच नको बोलू... असं नको पाहू पोरी. शर्ट झाला, हे घे, पैसे नको मले — अवो, वारलूभाऊ, या ना, या. तुमच्याच गावची पोर बसली हाये, रंजीता, गुणाबाईची. काई नाई, तिच्या शर्टाचं चालू होतं. ठान्यातून फोन आला का तुम्हाले? मले बी नाई. आपले सगळ्याईचे अटकले भाऊ, माझे का तुमचे वेगळे हायेत का?

जाय पोरी, झालं तुझं. जाय ना आता.