कॉलरवरचं नाव

—हो, तेही ऐकलंय, आकाशातला तारा, आणि तारून नेते ती तारा. मोबाईलवर एवढंच दिलंय होय? अगं, पुष्कळ आहे. वालीची बायको तारा— शहाणी, नवऱ्याला म्हणाली, आज लढायला जाऊ नका, पण ऐकतोय कोण! बौद्धांची देवी तारा— हाक मारली की धावत येते म्हणे. कुठल्या तरी दूरच्या बेटावर एका टेकडीलाही तारा म्हणतात. पाठ आहे सगळं. शाळेत असताना शोधलं होतं, त्यात माझं म्हणून काही सापडतंय का बघायला— बस ना, बाळाला ठेव त्या उशीवर, सुया सगळ्या डबीत आहेत, भिऊ नकोस.

तर लेकीचं नाव तारा ठेवायचं म्हणतेस. आत्याचं नाव. बरं वाटलं— म्हणजे वाटायला हवं, नाही का? तुझ्या नवऱ्याने सांगितलं नाही तुला? नसेल. तो शेंडेफळ, हे त्याच्या आधीचं. अगं, मी दुसरी. पहिली तारा चार वर्षांची होऊन गेली, तापाने. मग मी झाले. आई शिवणकाम करायची, पहिलीच्या एकूण एक फ्रॉकच्या कॉलरवर तिने नाव भरलेलं— लाल दोऱ्याने, साखळी टाक्यात. बाबा म्हणाले, हिचं नवीन नाव ठेवू. आई म्हणाली, मग हे सगळं उसवावं लागेल. आणि उसवायला तिचा हात धजेना. म्हणून मी तारा. ग्रह नाही, नक्षत्र नाही— कपडे तयार होते.

लाड? केले की. खाण्यापिण्यात, शिक्षणात, कशात म्हणून कमी केलं नाही. फक्त तिने हाक मारली आणि मी समोर गेले की तिचा चेहरा पडायचा. क्षणभरच. मग म्हणायची, 'हं, तू होय.' रोज. वाईट? छे गं, आता काही वाटत नाही. दात काढल्यावर हिरडी बधिर असते ना, आपण सारखी जीभ लावून बघतो— तसं झालंय.

हे घे. हेच फ्रॉक मागत होतीस ना बाळासाठी? सकाळपासून उसवत बसले होते. सगळ्या कॉलरी कोऱ्या केल्यात. भोकं दिसतायत जराशी, एक-दोनदा धुतलं की बुजतील. तिचं नाव दुसरं ठेव. काहीही ठेव. अर्थ नसला तरी चालेल, तिच्यासाठी म्हणून आणलेलं असलं म्हणजे झालं— रडतेस कशाला? मी रडतेय का?

ऐकलंस? आई. आतल्या खोलीतून. हल्ली दिवसभर चालू असतं, 'तारा, तारा.' नाही, मी नाही उठत. उठून काय करू? पूर्वी निदान 'हं, तू होय' म्हणायची, आता विचारते, 'कोण तुम्ही?' तू बाळाचं टोपडं बांध आणि नीघ, बाहेर वारा सुटलाय. जाताना दार ओढून घे— अगं, जा ना. मला नाही मारत ती हाक.