झहराचा सातवा वाढदिवस

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा मृणालिनीताई साटम, मंचावरील सन्माननीय पाहुणे, आमच्या महिला सल्ला केंद्राच्या आजी-माजी कार्यकर्त्या, लालबाग-परळहून आणि थेट माझगावहून आलेल्या माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो, आणि ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो त्या संघमित्राताई तांबे, आपल्या सर्वांना नमस्कार.

मी जयवंत राऊळ, केंद्राचा वकील. मला दहा मिनिटं दिली आहेत. ताई समोर बसून घड्याळाकडे बघताहेत, म्हणजे आठच समजायची.

ताईंच्या तीस वर्षांच्या समुपदेशनाबद्दल आधीचे वक्ते बोलले. मी फक्त एक दुपार सांगणार आहे. त्या दुपारी चूक माझी होती, त्यामुळे ती मीच सांगितलेली बरी. तिसऱ्या रांगेत कनीज बसल्या आहेत, शेजारी त्यांची मुलगी झहरा. त्यांना विचारूनच बोलतोय.

कनीज शिया आहेत, नवरा अब्बासपासून घटस्फोट झालेला. त्यांच्या पंथाच्या कायद्यात घटस्फोटानंतर मुलगा दोन वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची होईपर्यंत आईजवळ राहते. पुढे हक्क बापाचा. आपलं कोर्ट मुलाचं हित आधी बघतं, हे खरं. पण कोर्टात वेळेवर जावं लागतं. मी झहराचा जन्मदाखला पाहिला. मार्चची तारीख. कनीजना म्हणालो, "फेब्रुवारीत अर्ज करू, घाई नको."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी कनीजचा फोन. "वकीलसाब, अब्बास आए हैं, अम्मी को लेकर. झहरा का सामान बाँधने को बोल रहे हैं. कहते हैं, आज सात की हो गई."

झहराचा जन्म रजब महिन्याच्या तेरा तारखेचा. त्या घरात तो मोठा दिवस, हजरत अलींच्या जन्माचा. वाढदिवस दरवर्षी त्याच दिवशी, चंद्राच्या महिन्यांप्रमाणे. ते वर्ष अकरा दिवसांनी लहान. सात वर्षांत वाढदिवस अडीच महिने अलीकडे येतो. कनीजनी मला पहिल्याच भेटीत 'तेरा रजब' सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि दाखल्यावरची तारीख लिहून घेतली. विचारलं का नाही? बाई सांगतेय त्यापेक्षा कागद खरा, असं आम्हा वकिलांना वाटतं.

मी म्हटलं, "ताई, पोलिसांना कळवू." ताई चपला घालत म्हणाल्या, "आणि पोलीस त्या पोरीला काय सांगणार? चला, टॅक्सी बघा."

माझगावच्या त्या खोलीत अब्बासची आई, म्हणजे झहराची दादी, पलंगावर बसली होती. मांडीवर मिठाईचा डबा, नवीन फ्रॉक. झहरा आईच्या मागे. अब्बास दारातच उभा, हातात रिकामी बॅग. मी कायद्याचं कलम काढणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "अम्मा, आपका हिसाब सही है. आज सात पूरे हुए. गलती हमारे वकील की है."

मंडळी, समोरच्याचं म्हणणं अशा वेळी मान्य करू नये, हे वकिलीत पहिल्या वर्षी शिकवतात. मी ताईंच्या पदराला हात लावायचा तेवढा राहिलो.

दादी म्हणाली, "चलो, किसी ने तो माना." आणि डबा उघडला.

मग ताईंनी अब्बासच्या मौलानांना फोन लावायला लावला. एकच विचारलं, बापाने मुलीला आईजवळ राहू दिलं तर चालतं का? पलीकडून उत्तर आलं, "बाप की रज़ामंदी हो तो कोई मनाही नहीं."

ताई अब्बासकडे वळल्या. "तुला खरं काय हवंय, भाऊ?"

त्याने बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "महीने में एक इतवार मिलता है. मेरी बेटी मुझे मेहमान समझती है. पानी लाकर देती है, फिर माँ के पीछे जाकर खड़ी होती है."

तो एक रविवार मीच ठरवला होता. आईची बाजू भक्कम केली, असं मला वाटलं होतं.

त्या दुपारी नवा करार झाला. झहरा आईकडे, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार वडिलांकडे, आणि तेरा रजब दरवर्षी दादीच्या घरी. फेब्रुवारीत तो कोर्टात मांडला. बॅग रिकामीच परत गेली. जाताना दादी मला म्हणाली, "वकीलसाब, एक कैलेंडर खरीद लो." केंद्राच्या भिंतीवर आता दोन कॅलेंडरं आहेत.

हा शेवट नाही, हे कनीज जाणतात. करार झहरा नऊची होईपर्यंतचा आहे, त्यांच्यात मुलगी तेव्हा जाणती झाली असं मानतात. तेव्हा पुन्हा सगळ्यांनी बसायचं, आणि तिचंही मत विचारायचं. ती तारीख ताईंनी स्वतः माझ्या डायरीत लिहिली, चंद्राची आधी, इंग्रजी नंतर. त्या दिवशी ताई केंद्रात नसतील, याची आज मला खरी धास्ती आहे.

काल सहज हिशेब केला. साठीला निवृत्ती हा आपला नियम. चंद्राने मोजलं तर ताई पावणेदोन वर्षांपूर्वीच साठीच्या झाल्या. म्हणजे त्या तेरा रजबला त्या आमच्यात असायलाच नको होत्या. त्या दिवशी दादीचा हिशेब बरोबर होता, पण ताईंच्या बाबतीत आपण इंग्रजी कॅलेंडर पाहिलं, हे फार बरं झालं.

संयोजकांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. तारखा सांगताना काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या, माझी ती जुनी खोड आहे. ताई, झहराच्या नवव्या वाढदिवसाला टॅक्सी घेऊन मीच दारात येईन. चपला घालून बसा.